पेशंटचं काम

लेफ्तेरिस आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मी पीएचडीसाठी जर्मनीत एर्लांगेनला आले ते २०१३ साल. तो त्याच्या आदल्या वर्षी अथेन्सहून आलेला. तिथं सव्वीस वर्षं नाटकांत काम केलेलं, चार सिनेमेही. मंदीत नाटक कंपनी बंद पडली आणि पन्नाशी उलटलेला हा नट बहिणीकडे आला. मेव्हण्याच्या हॉटेलात भांडी घासता घासता जर्मन शिकला.

मग त्याला विद्यापीठात काम मिळालं. डॉक्टरकीच्या मुलांना सरावासाठी खोटे पेशंट लागत. जिन्यात भेटला की मी विचारायची, "आज काय झालंय तुम्हाला?"

"अपेंडिक्स," तो पोट धरून सांगायचा. "पण मुलगी नवखी होती, म्हणून जरा कमीच कळवळलो."

एका दुपारी तो जिन्यातच बसलेला दिसला.

"आज बायको गेल्याची बातमी ऐकायची होती," तो म्हणाला. "त्या शिकाऊ मुलानं इतकं नीट सांगितलं, ईप्सिता, की मी ग्रीकमध्येच बोलायला लागलो. सगळे गोंधळले. जर्मनमध्ये रडायचं तर आधी क्रियापद कुठं येणार ते बघावं लागतं. आज काहीच बघावं लागलं नाही."

मी त्याच्या शेजारी बसले. आईशी फोनवर बोलून झालं की मलाही खोली फार शांत वाटायची; पण ते त्याला सांगायला माझंही जर्मन पुरेना.

२०१७ मध्ये त्याच्या जुन्या मित्राचा अथेन्सहून फोन आला: छोटं थिएटर, बापाची भूमिका, चाळीस प्रयोग. लेफ्तेरिस दुसऱ्या दिवशीच काम सोडून निघाला. मे महिन्यात मी मुद्दाम अथेन्सला गेले. अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मला एक अक्षर कळलं नाही, पण हा माणूस मी कधी पाहिलाच नव्हता. आवाज खोल, कसलीही घाई नाही. लोक हसले की तो थांबायचा, मग सावकाश पुढचं वाक्य.

चाळीस प्रयोग झाले. पुढं कुणी बोलावलं नाही. सप्टेंबरात तो परत आला, विद्यापीठानं पुन्हा घेतलं.

त्या हिवाळ्यात रविवारी दुपारी वरून त्याचा आवाज यायचा. तेच नाटक, एकटाच म्हणत असायचा. मध्येच गप्प व्हायचा. तिथं लोक हसत असत, एवढं मला ठाऊक होतं.