टॉवेलावरचा गुलाल

ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव व्हायला लागल्या, त्यानंतरची आमच्या गावची ती पहिली निवडणूक. आमच्या वॉर्डातली जागा बायकांसाठी निघाली. वॉर्ड म्हणजे आमची भावकी आणि ओढ्यापलीकडची दुसरी भावकी. दोन्हीकडे झेंडू, गुलछडी, मेथी, कोथिंबीर. दोन्हीकडचे टेम्पो पहाटे एकाच रस्त्याने नाशिकच्या बाजाराला जात. वैर म्हणावं असं काही नव्हतं. निवडणूक आली की तेवढ्यापुरतं ते उभं राहायचं.

आमच्याकडून कोणाला उभं करायचं हे ठरवायला भावकी खंडोबाच्या देवळात बसली. दोन नावं निघाली. एक माझ्या बायकोचं, दुसरं आमच्यातल्या एका दहावी पास सुनेचं. थोरले काका, म्हणजे भावकीतले सगळ्यात वडील माणूस, माझ्याकडे बोट करून म्हणाले, "याची बायको लय फटकळ. ती पंचायतीत गेली तर ग्रामसेवक बदली मागून घेईल." सगळे हसले. मीही हसलो. सुनेचं नाव पक्कं झालं. मग ताटात बेल आणि भंडारा आला. एकेकाने तो उचलून कपाळाला लावला आणि शब्द दिला की मत भावकीबाहेर जाणार नाही. बेलभंडारा उचलल्यावर आमच्याकडे दुसरी कसली हमी लागत नाही. मीही उचलला.

घरी जेवायला वाढताना बायकोने एवढंच विचारलं, "माझं नाव निघालं तेव्हा हसलं कोण कोण?"

"सगळेच."

"तुम्ही पण?"

मी भाकरी मोडत राहिलो. 

खरं तर मला माझाच राग यायला हवा होता. तो आला काकांचा, आणि त्या सुनेचा, जिने माझं काहीही वाईट केलं नव्हतं. मतदानाच्या दिवशी शाळेत पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभा राहिलो. कागदावर कपबशी आणि छत्री. कपबशी आमची. शिक्का हातात घेतला आणि छत्रीवर मारला. मला कोणी फितवलं नव्हतं. सून निवडून येणारच, असं मी धरून चाललो होतो. मला फक्त काकांना, त्यांच्या नकळत, एकदा नाही म्हणायचं होतं.

मतमोजणी तहसील कचेरीत होती. सुनेचा प्रतिनिधी म्हणून आत बसायला भावकीने मलाच पाठवलं. सोबत माझा चुलतभाऊ आला. माझ्याहून थोडा लहान. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी फुलांच्या वाफ्यात असायचा. मला मोपेडवर मागे बसवून त्याने नेलं आणि स्वतः बाहेर लिंबाखाली बसून राहिला.

आत गठ्ठे सुटत गेले. कधी कपबशी पुढे, कधी छत्री. शेवटी छत्री एका मताने वर राहिली. मी फेरमोजणी मागितली. मागताना माझा आवाज खोटा नव्हता. मोजण्यात काहीतरी चूक निघावी असं मला मनापासून वाटत होतं. चूक निघाली नाही. माझं मत कपबशीला पडलं असतं तर सून एका मताने आली असती. खुर्चीवरून उठायच्या आत हा हिशोब डोक्यात होऊन गेला होता.

बाहेर पलीकडच्या भावकीची पोरं गुलाल घेऊन तयारच होती. एकाने ओंजळभर माझ्या डोक्यावर टाकला. "घ्या काका. एका मताचा इजय हाय, तुमचाच समजा." तो हरलेल्याला चिडवत होता, दुसरं काही नाही. पण माझे पाय जागच्या जागी थांबले. टोपी आणि मान लाल झाली. चुलतभाऊ लिंबाखालून उठून आला.

"असा जाशील गावात, दादा? काका येशीवरूनच माघारी लावतील."

खांद्यावरचा टॉवेल त्याने नळाखाली धरला आणि माझी मान, माझे कान घासून पुसले, लहान पोराचे पुसावेत तसे. सदऱ्यावरचा गुलाल कोरडाच झटकला. पाणी लागलं की डाग बसतो, म्हणाला. टोपी उलटी करून माझ्या डोक्यावर ठेवली. "आता कसा नवरदेवावानी दिसतो."

"हरलो रे," मी म्हणालो.

"एका मतानं हरणं म्हंजे काय हरणं हाय का? पुढच्या टायमाला बघू." टॉवेल पिळून, लाल बाजू आत घेऊन, त्याने तो पुन्हा खांद्यावर टाकला.

गावात पारावर भावकी बसलेली होती. निकाल आमच्या आधी पोचला होता, आणि आपल्यातलं मत कोणाचं फुटलं यावर बोलणं चाललं होतं. चुलतभावाने मोपेड लावली आणि घाम पुसायला टॉवेल उलगडला. सगळ्यांनी तो एकदमच पाहिला. आमच्याकडे हरलेला माणूस अंगाला गुलाल लागू देत नाही. ज्याला लागला तो जिंकणाऱ्यांतला, हे लहान पोरालाही माहीत असतं.

"हे काय रे?" थोरल्या काकांनी विचारलं.

"कचेरीपाशी उडाला, काका."

"उडाला? टॉवेल तर ओला हाय. तोंड धुऊन आला जणू."

मागून कोणीतरी म्हणालं, "पलीकडचे दोघं याच्याच पाळीला असत्यात ना एकलहऱ्याला? चहा एकाच किटलीतला."

काका माझ्याकडे वळले. "तू व्हता ना संगं? तुझ्या अंगाला कसा नाय?"

चुलतभाऊ माझ्याकडे बघत होता. तो घाबरलेला नव्हता. मी आता हसून काय ते सांगेन, एवढीच त्याची अपेक्षा होती. एक वाक्य पुरलं असतं. पण ते बोललो असतो तर सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या असत्या, आणि त्या दिवशी माझ्याकडे कोणी नीट बघावं हे मला नको होतं.

"मी आत होतो," मी म्हणालो. "बाहेर काय झालं मला माहीत नाही."

त्याने टॉवेलाची नीट घडी घातली, मोपेडच्या पिशवीत ठेवली आणि घरी गेला. त्याने खरं सांगितलं असतं तर चारचौघांत मी खोटा ठरलो असतो. मी थोरला होतो. एवढ्याच कारणाने तो गप्प बसला असावा असं मला वाटतं.

त्याला कोणी शिवी दिली नाही की वाळीत टाकलं असंही कोणी म्हटलं नाही. भावकीच्या टेम्पोत त्याच्या फुलांना जागा मिळेनाशी झाली. मोपेडवर गाठोडी बांधून तो बाजार गाठायचा, आणि पोचेपर्यंत गुलछडीच्या कांड्या मोडलेल्या असायच्या. दसऱ्याला तो आपट्याची पानं घेऊन थोरल्या काकांकडे गेला. काकांनी हात पाठीमागे धरले. "ठेव तिथं," म्हणाले. तो माझ्याकडेही आला. मी सोनं घेतलं, त्याला पेढा दिला. त्याच्या दारी मात्र गेलो नाही, कारण कोणीच जात नव्हतं. दर दसऱ्याला असंच होत राहिलं.

पुढच्या निवडणुकीला भावकी पुन्हा खंडोबाच्या देवळात बसली. या वेळी ताट फिरवायचं काम माझ्याकडे होतं. चुलतभाऊ कडेला खांबाशी बसला होता. मी त्याच्यापर्यंत पोचलो, त्याने हात पुढे केला, आणि काका म्हणाले, "त्याला राहू दे. देवाला कशाला पुन्हा खोटं पाडायचं?"

हात हवेत होता. मी ताट पुढे नेलं. शेवटी मी स्वतः भंडारा उचलला आणि कपाळाला लावला.

देवळाबाहेर चपला घालताना तो माझ्याशेजारी वाकला. "दादा, त्या दिशी आत बसलेला मी असतो आन् बाहेर तू, तर काय झालं असतं रे?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मी दुसरी चप्पल शोधत राहिलो. तो निघून गेला. त्यानंतर तो देवळात आला नाही. दसऱ्याला माझ्याकडेही आला नाही.

माझी बायको वारली, मग थोरले काका गेले. मग एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन तोही गेला. दशक्रियेला गोदावरीच्या घाटावर श्रद्धांजलीचं बोलायला मला उभं केलं. तो कष्टाळू होता, अबोल होता, असं मी बोललो. लोकांनी माना हलवल्या.

गेल्या दसऱ्याला मी पहिल्यांदा आपट्याची पानं घेऊन त्याच्या दारात गेलो. त्याची बायको ओसरीवर झेंडूच्या माळा ओवत होती. मी उभ्यानेच तिला सगळं सांगितलं, मताचं आणि टॉवेलाचं. ती ओवत राहिली. टॉवेलाचं तिला माहीत होतं. मताचं नवऱ्याने ओळखलं होतं, पण कोणाला सांगू नको म्हणाला होता, एवढं ती बोलली.

मी पानं पुढे केली. तिने हात पुढे केला नाही.

"मला एकटीला सांगून काय व्हायचं, दादा? त्यांना देवळात थांबवलं होतं. देवळात सांगा."

पानं मी ओसरीच्या कोनाड्यात ठेवली आणि तसाच देवळात गेलो. सोनं वाटायला भावकी जमलेली होती. बहुतेक तरुण पोरं. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा निवडणुकीबद्दल काही असेल म्हणून ती गप्प झाली. सांगून झाल्यावर एकाने विचारलं, "कोणत्या इलेक्शनचं म्हणता, बाबा?" कपबशीवर उभी राहिलेली ती सून, आता तिचेही केस पिकलेत, बायकांमध्ये बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग पदर डोक्यावर ओढून बाहेर निघून गेली. मागच्या रांगेतला एक म्हातारा, त्याची फुलं टेम्पोतून उतरवणाऱ्यांपैकी एक, खाली बघत म्हणाला, "आपण लय वाईट वागलो त्याच्याशी." 

मी परत त्या ओसरीवर गेलो. माळा संपत आल्या होत्या.

"कोण कोण व्हतं?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"काका पाहिजे होते," ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते राहिले नव्हते, आणि ते असताना मी गप्प होतो. पानं कोनाड्यात तशीच होती. तिने ती उचलली नाहीत, आणि घेऊन जा असंही म्हटलं नाही. मी ती तिथेच राहू दिली.