जीपचे मोठे टायर

नव्वदच्या दशकात गडचिरोलीच्या आमच्या ऑफिसात एक जीप होती आणि तिचं लॉगबुक तपासायचं काम माझ्याकडे होतं. निघताना मीटर किती, परत आल्यावर किती, डिझेल किती, आणि शेवटी लिटरमागे किती किलोमीटर पडले ते ॲव्हरेज. मी मूळची राजुऱ्याची. शाळेत गणितात पहिली आलेली, आणि त्याचा माज नोकरी लागली तरी उतरला नव्हता. कोणाची बेरीज चुकली की मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

जीपचे ड्रायव्हर रोजंदारीवर होते. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना भाऊ म्हणायचे, ते मला बाई. गावाबाहेर तलावाजवळ त्यांचं घर, घरचा धंदा मासेमारीचा. सात वर्षं गाडी चालवत होते आणि कायम व्हायची वाट बघत होते. आवारातल्या इतर ऑफिसांचे ड्रायव्हर लॉगबुकात वाट्टेल ते खपवायचे. मीटर बंद आहे असं लिहायचं आणि अंदाजानं आकडे भरायचे, ही सर्रास रीत होती. भाऊ मात्र मीटर वाचून लिहीत. शेवटचा आकडा अर्धाच वर चढलेला असला तर वही घेऊन माझ्याकडे येत. "बाई, हा सात धरू का आठ?" मी वैतागायचे.

एका पावसाळ्यात जीप नाल्यांमध्ये सारखी रुतायला लागली. साहेबांनी एका निकामी काढलेल्या गाडीचे मोठे टायर तिला बसवून घेतले. जीप दोन बोटं उंच झाली. भाऊ खूश होते. "आता चिखलाले भेत नाई बाई हे," म्हणाले. टायरची नोंद भांडाराच्या वहीत झाली आणि ती वही दुसऱ्याच टेबलावर होती.

पुढच्या महिन्यात ॲव्हरेज घसरलं. लिटरला साडेदहा पडायचं ते साडेनऊवर आलं. मी लाल पेन्सिलनं गोल केला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच, तेव्हा मी भाऊंना बोलावलं.

"डिझेल जातं कुठे भाऊ?"

"मले बी समजून नाई राह्यलं बाई. डिझेल तं पहिले जेवढं लागे तेवढंच लागून राह्यलं. रस्ता तोच, गाडी तेच."

"मग किलोमीटर कमी कसे?"

"तेच तं. गावं जवळ आल्यावानी वाटून राह्यली." ते हसले. मी हसले नाही.

मी मागची पानं काढली. हेमलकशाची जाऊन-येऊन फेरी आधी साडेतीनशेच्या वर भरायची, ती आता सव्वातीनशे. रस्ता काही आटत नाही. मी एका क्षणात निकाल लावला की हा माणूस डिझेल लपवायला आधी किलोमीटर फुगवून लिहीत होता आणि आता विसरला. म्हणजे मुरलेला चोर.

"भाऊ, मीटर खोटं बोलतं का?" मी सगळ्या ऑफिससमोर विचारलं.

ते म्हणाले, "मीटर खोटं नाई बोलत बाई. पण म्या नाई नेलं डिझेल."

शेजारच्या कारकुनाला त्यांची दया आली. त्यानं सुचवलं, मीटर बंद लिहून टाक, आधीचेच किलोमीटर भर, विषय संपला. "मीटर चालू हाये, तं बंद काऊन लिहू?" भाऊंनी त्यालाच विचारलं. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चोर स्वतःच्याच विरोधातले आकडे इमानानं कशाला लिहील, एवढी साधी गोष्ट त्या पहिल्या आलेल्या मुलीला सुचली नाही.

मी शेरा लिहिला, डिझेलचा वापर संशयास्पद. तीन शब्द. त्या वर्षी कायम करायच्या लोकांची यादी वर गेली, त्यात भाऊंचं नाव नव्हतं. दोन महिन्यांनी त्यांना कामावरूनच कमी केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी जीप धुऊन-पुसून उभी केली, किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि मी दाखवलं तिथे सही केली.

पुढे माझी चंद्रपूरला बदली झाली. दहाएक वर्षं गेली. एकदा पाहुण्यांना वाघ दाखवायला मोहर्लीच्या जंगलात घेऊन गेले. वाघ काही दिसला नाही. परतताना एका पाहुण्यानं जिप्सीवाल्याला ॲव्हरेज विचारलं.

"मीटरवर नका जाऊ सायेब," तो म्हणाला. "टायर मोठे टाकले ना. मोठं चाक कमी घुमते. मीटर फक्त घुमणं मोजते, त्याले काय मालूम चाक बदललं म्हणून? गाडी शंभर चालली तं नव्वद-ब्याण्णव दाखवते."

हेमलकशाचे सव्वातीनशे मला तसेच्या तसे आठवत होते. तुटीचे किलोमीटर मनातल्या मनात मिळवले, तर फेरी बरोबर साडेतीनशेच्या वर गेली. गणित तोंडी जमलं. जिप्सीत बाकीचे वाघ दिसला नाही म्हणून हळहळत होते.

पुढच्याच रविवारी मी भाऊंच्या गावी गेले. ते तलावाच्या पाळीवर फाटलेलं जाळं शिवत बसले होते. खूप वाळले होते. "या बाई," म्हणाले, जुन्याच अदबीनं. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, टायर, मीटर, माझा शेरा. माफी मागितली, रडले. खरं सांगायचं तर रडताना थोडं हलकंही वाटत होतं. ते म्हणतील जाऊ द्या बाई, आणि मी सुटेन, असं मी धरूनच चालले होते.

त्यांनी जाळं खाली ठेवलं. "म्हंजे डिझेल कोणीच नाई नेलं?"

"कोणीच नाही भाऊ. एक थेंबसुद्धा नाही."

"कोणीच नाई," ते पुन्हा म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तेव्हा धाकटा भाऊ त्यांच्याच घरात राहायचा. धानाला पाणी ओढायला त्याचं डिझेलचं इंजिन होतं. आणि दौऱ्याच्या आदल्या रात्री जीप त्यांच्याच अंगणात उभी असायची.

"म्या नाई नेलं, तं मंग कोणं नेलं? मले एकच माणूस दिसला. थो देवापुढच्या दिव्यावर हात ठेवून नाई म्हणे. म्या म्हणलं, मीटर खोटं बोलते का?"

माझंच वाक्य होतं ते. त्यांनी ते ऑफिसातून घरी नेलं होतं.

धाकटा बायकोला घेऊन राजुऱ्याकडे निघून गेला. तिथे रोजीनं कामं केली आणि तीन वर्षांत तापानं गेला. "त्याच्या मातीले बी गेलो नाई मी," भाऊ म्हणाले. "चोर समजत होतो ना त्याले." इतकी वर्षं त्यांच्याजवळ निदान तो राग होता. तोही मी काढून घेतला.

मला सोडायला ते एसटीच्या थांब्यापर्यंत आले. गाडी दिसल्यावर म्हणाले, "बाई, तुमचं माहेर राजुऱ्याचंच ना? माही भावजय अजून तिथीच हाये. मी कोणत्या तोंडानं जाऊ? टायराचं तिले तुमीच सांगान का?" मी हो म्हणाले. पत्ता लिहून घेतला आणि सवयीनं खाली तारीखही घातली.

त्यानंतर मी माहेरी चारदा जाऊन आले. ते घर आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. एकदा दारापर्यंत गेलेही होते. ती ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. वर पाहून तिनं विचारलं, "कोण पायजे बाई?"

मी म्हटलं, कोणी नाही, घर चुकले.