उंबरठ्याखालचा डोस

लग्न होऊन ती या घरी आली तेव्हा सासऱ्यांनी तिला 'प्रोफेसरीणबाई' म्हणायला सुरुवात केली, आणि तेच नाव चिकटलं. खरं तर ती प्रोफेसर नव्हतीच. मेडिकल कॉलेजच्या मागच्या इमारतीत, एका अरुंद खोलीत बसून ती शरीरात काय चालतं त्याची समीकरणं मांडायची. नवरा मधमाश्या पाळायचा. घरामागे त्याच्या पेट्या ओळीने मांडलेल्या होत्या आणि त्याचा सगळा जीव त्यांच्यात.

एका दुपारी वाळलेले कपडे काढताना तिच्या मानेला मधमाशीने डंख मारला. पूर्वीही मारला होता, पण या वेळी तळहात खाजू लागले, अंगभर गांधी उठल्या, जीभ जड झाली आणि घसा आवळत गेला. नवऱ्याने उचलून गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला, म्हणून वाचली.

त्यानंतर घराचा पिंजरा झाला. खिडक्यांना बारीक जाळी, दाराच्या फटीत चिंध्या. उन्हाळ्यात स्वयंपाकघराची भट्टी व्हायची, तरी दार उघडायची सोय नाही.

"पेट्या देऊन टाकतो कुणाला तरी," नवरा म्हणाला.

"आणि मग करशील काय? माझी समीकरणं मीठ लावून खाशील?"

तो हसला. त्याला पेट्या सोडवत नव्हत्या आणि तिला त्या सोडायला सांगवत नव्हतं. दोघंही एकाच जाळीत अडकले होते, नुसते वेगवेगळ्या बाजूंना.

कॉलेजातल्या ॲलर्जीच्या डॉक्टरबाईंनी तिला लस सुरू केली. माशीचंच विष, आधी अगदी नावापुरतं, मग हळूहळू वाढवत न्यायचं, म्हणजे शरीराला त्याची सवय होते. ही सवय नेमकी कशी लागते ते गणितात बसवायचं कामही बाईंनी तिच्याकडेच दिलं. तिने शरीरातल्या पेशींचे दोन गट मांडले: एक उगाच बोंब मारणारा, दुसरा त्याला गप्प करणारा. दोघे सतत एकमेकांना दाबू बघतात. डोस एका उंबरठ्यापलीकडे गेला की गप्प करणाऱ्यांची सरशी होते आणि टिकते. अलीकडे राहिला, तर कितीही सुया टोचा, बोंब मारणारेच पुन्हा वर येतात.

तिचं घोडं नेमकं उंबरठ्याच्या अलीकडे अडलं. डोस जरा वाढवला की गांधी, चक्कर. बाई डोस कमी करायच्या, पुन्हा वाढवायच्या, पुन्हा तेच. शेवटी त्या म्हणाल्या, "आता इथेच थांबू."

त्या दिवशी तिने स्वतःच्या तपासण्यांचे आकडे समीकरणांत घातले. संगणकाच्या पडद्यावर गप्प करणाऱ्यांची रेघ वर चढली, दमल्यासारखी झाली आणि खाली आली. तिने आकडे थोडे इकडेतिकडे करून पाहिले, तरी रेघ खालीच. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"काय म्हणतंय गणित?" जेवताना नवऱ्याने विचारलं.

"चाललंय," ती म्हणाली. आणि भाकरी वाढायला उठली.

सकाळी ती बाईंकडे गेली. "या डोसवर मी कधीच बरी होणार नाही. वाढवा."

"तुझ्या गणितातल्या बाईचा घसा आवळत नाही. तुझा आवळतो."

"म्हणजे जन्मभर जाळीतच बसू?"

बाईंनी तिची फाइल पुन्हा चाळली. मग म्हणाल्या, "आधी दुसरं एक औषध देऊन बघता येईल. बोंब मारणाऱ्यांची धार बोथट करतं, म्हणजे जास्त डोस सोसवतो. पण सगळ्यांना लागू पडेलच असं नाही."

तिने तेही गणितात घातलं. रेघ कशीबशी उंबरठ्यापलीकडे गेली. शरीराने मात्र तिला बरंच ताटकळत ठेवलं. दर खेपेला सुई टोचली की ती भिंतीकडे तोंड करून घशावर हात ठेवून बसायची. पूर्ण डोस एकदाचा सोसला, तेव्हाही तिचा विश्वास बसेना.

खात्री करायची तर दवाखान्यातच, सगळी तयारी ठेवून, जिवंत माशीचा डंख घ्यायचा होता. माशी आणणार नवराच. तो काचेची बाटली दोन्ही हातांत धरून आला.

"कोणती आणलीस?" तिने विचारलं.

"त्यातल्या त्यात शहाणी."

बाईंनी बाटली तिच्या हातावर उपडी धरली. डंख बसला आणि तिला श्वास घेता येईना. सगळे धावले. पण रक्तदाब ठीक होता, अंगावर गांध नव्हती. तो विषाचा नव्हे, भीतीचा परिणाम होता. हात सुजला, एवढंच.

नवऱ्याने मेलेली माशी बोटावर घेतली. "बिचारी," तो पुटपुटला.

"कुणाला बिचारी म्हणतोयस?" ती ओरडली, आणि मग हसता हसता रडायला लागली.

लस अजून काही वर्षं चालू ठेवायची आहे; मध्येच सोडली तर रेघ पुन्हा घसरू शकते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? हल्ली कधीकधी ती माश्यांसाठीचा जाळीचा बुरखा घालून नवऱ्याशेजारी उभी राहते. तो पेटीचं झाकण उचलतो. आत गुणगुण वाढते, तिच्या पाठीवरून घाम ओघळतो. ती त्याची बाही घट्ट धरून म्हणते, "बघून झालं. झाक आता."