धाकट्याचा अंगठा

दिवाळी झाली की आमचं घर घोड्याच्या पाठीवर चढायचं. पाल, तवा, दोन गोधड्या आणि नुकती जन्मलेली कोकरं. वडील मेंढरं घेऊन पुढं, आई मागं. एका वर्षी तिच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, पू झाला, तरी ती महिनाभर चालत होती. कारण ज्या रानात मेंढरं बसवली त्याच्या मालकानं 'उठा' म्हटलं की उठावंच लागायचं. मला शाळेसाठी नांदूरघाटला आत्याकडं ठेवलं. आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी कुठंही ताठ मानेनं सांगते.

पदवीनंतर तालुक्याला नगररचनेच्या कामावर कंत्राटी सहायक म्हणून लागले. गावाबाहेरच्या शेतांवर नवी वसाहत होणार होती. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, बाग, शाळेची जागा काढायची आणि उरलेल्यातून प्रत्येकाला भूखंड परत द्यायचा. कोणाला कुठला, ते नकाशावर दाखवलं होतं. पटलं नाही तर मुदतीत हरकत द्यायची. माझं काम एवढंच, की प्रत्येक खातेदाराला नकाशा समजावायचा, नोटीस द्यायची आणि पोचपावतीवर सही किंवा अंगठा घ्यायचा.

त्यात मेंढपाळ घरातल्या दोन भावांचे दोन तुकडे होते. सातबारे वेगळे. थोरला बाजेवर बसला होता.

"कोणाची गं तू?"

मी वडिलांचं नाव, गाव सांगितलं.

"मंग तू तर आपलीच हायस. च्या पी."

धाकटा मेंढरं घेऊन गेलता. कधी येईल विचारलं, तर म्हातारा म्हणाला, "त्याची वाट काहून बघतीस? आमच्यात थोरल्यानं शब्द दिला म्हंजे धाकट्यानं दिला. आण ते कागद."

त्यानं दोन्ही पावत्यांवर आपलाच अंगठा उठवला. आमच्याही घरी चुलत्यांच्या वतीनं वडीलच बोलायचे. दुसऱ्या कोणा कर्मचाऱ्यानं तो अंगठा घेतला नसता. मी घेतला, आणि आपल्या माणसांची रीत आपल्याला कळते म्हणून मनातल्या मनात फुशारलेसुद्धा.

मुदतीला तीन दिवस उरले असताना साहेब फाइल चाळत होते. "हे दोन अंगठे सारखेच दिसतात हो."

"भाऊ-भाऊ आहेत, सर."

साहेब हसले, पान उलटलं. मी जागेवर येऊन नकाशा उघडला. थोरल्याचा भूखंड रस्त्याला लागून, उंचावर. धाकट्याचा तुकडा अख्खा रस्त्यात आणि बागेत गेलेला, बदल्यात नाल्याकाठचा खळगा. तिथं पावसाळ्यात कमरेएवढं पाणी साचतं. मुदत संपली की तो खळगा कायमचा त्याच्या गळ्यात. त्याला काहीच माहीत नव्हतं. कागदावर मात्र माहीत होतं.

खरं सांगायचं तर आधी भीती वाटली ती माझीच. नोकरी जाईल, खोटी पोच केली म्हणून गुन्हा लागेल, वडील चार माणसांत तोंड कसं दाखवतील. त्या माणसाचा विचार बऱ्याच वेळानं आला. त्याची लाज अजून वाटते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून स्कूटी काढली. विचारत विचारत चार गावांपलीकडं गेले. ज्वारी काढलेल्या एका रानात कळप दिसला. कुत्री अंगावर धावून आली, ती त्याच्या बायकोनं हाकलली. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. तो काठी टेकून ऐकत होता. आसपास त्या दोघांशिवाय दुसरं माणूस नव्हतं, आणि त्याची काठीवरची मूठ आवळत चालली होती.

"अंगठा घेतला कोणी?"

"मी."

"लई शिकलीस न्हाई का तू?"

मी म्हणाले, "परवा मुदत संपती. चला माझ्यासंगं."

"बाईच्या मागं बसू गाडीवर?"

बायको कोकरू खाली ठेवत म्हणाली, "जलमभर मेंढरामागं हिंडताव, त्याची लाज न्हाई वाटली. जावा. मी हाय की इथं."

 वाटेतही त्यानं काठी सोडली नव्हती. तो मागं बसून काय ठरवतोय, हे मला कचेरीच्या दारापर्यंत कळलं नाही. तिथं त्यानं काठी भिंतीला टेकवली आणि विचारलं, "हरकत कुठं लिवायची?"

साहेबांना आधी मीच सांगितलं. ते म्हणाले, "काल तर भाऊ-भाऊ म्हणालात."

"खोटं बोलले, सर."

त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा घेतला आणि धाकट्याची हरकत मुदतीत नोंदवून घेतली. सुनावणीला थोरलाही आला. "घरातलं कचेरीत आणलंस, पोरी. तुझ्या बापाला सांगतो."  तरी मी भरल्या खोलीत म्हणाले, "बाबा, तो अंगठा तुमचा होता. यांचा नव्हता." थोरला खाली बघत बसला. त्यानं ते मुद्दाम केलं होतं की रीत म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही.

मला लेखी ताकीद मिळाली, नोकरी राहिली. नकाशा बदलला. धाकट्याला थोरल्याच्या शेजारी, उंचावरचा भूखंड त्याच्या स्वतःच्या नावावर मिळाला.