अण्णाकाकांची दीर्घायुषी कादंबरी

अण्णाकाकांची कादंबरी वाईट आहे, हे माझे मत आजही कायम आहे.

माणूस वाईट नव्हता. अण्णाकाका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. जन्मभर रेल्वेत गार्ड, तेही घाटातल्या मालगाड्यांवर. पेन्शन घेऊन लोणावळ्याला आमच्याकडे राहायला आले, ते एक हिरवे निशाण, एक तांबडे निशाण आणि एक कल्पना घेऊन. कल्पना अशी : पेशवाईत इंदुरीच्या गढीत एक किल्लेदार आहे. वय वर्षे एकशेचाळीस. मरतच नाही! कारण त्याच्यापाशी आयुष्य वाढवणारा एक कंद आहे. तो कंद पळवायला एक शूर शिलेदार निघतो. (निघतो हे खरे. पोचत नाही.) कादंबरीचे नाव 'अमरकंद'. काकांनी ती पदरच्या पैशाने छापली आणि रोज संध्याकाळी आम्हाला ओसरीवर बसवून वाचून दाखवू लागले.

शिलेदार जरा पुढे गेला की भुयारात शिरे. बाहेर आला की पुढचे भुयार!

"काका, पेशवाईत इतके बोगदे होते?" मी एकदा हळूच विचारले.

"भुयार म्हण, मालू, भुयार!" म्हणत त्यांनी तांबडे निशाण दाखवले. वाचनात कोणी तोंड उघडले की ते निशाण बाहेर येई.

प्रत्येक प्रकरणानंतर वाचकांची मते घेतली जात.

"कागद फार छान आहे हो, भाऊजी," आई पदर सावरत म्हणे.

"छपाई स्वच्छ," असे वडील म्हणत आणि दिवाबत्तीला उठत.

कार्ल्याहून दूध घेऊन येणारी तानूमावशी मात्र मनापासून ऐकायची. "भाऊ, त्यो कंद म्हशीला चालंल का वो? आमची लय थकलीया."

"तानू, हे ऐतिहासिक आहे!"

"व्हय, म्हसबी लय जुनीच हाय!"

मी गप्प. गोऱ्या साहेबांच्या मुलींच्या शाळेत शिकल्यामुळे माझे मराठी 'हो' आणि 'नको' या दोन शब्दांवर चाले, आणि चारचौघांत तेही चालत नसे. पण गप्प बसणाऱ्या माणसाला पसंत आहे, असे लोक खुशाल धरून चालतात! काकांनीही धरले.

"वाचनालयात रविवारी सभा ठेवलीय," त्यांनी एक दिवस जाहीर केले. "वाचकांनी मतं द्यायची. आपली मालू बोलणार. इंग्रजी शिकलेली मुलगी, तिच्या मताला वजन! लोकांना आवडली, तर दुसरा भाग, तिसरा भाग... आणि माझे डोळे आता थकले, तेव्हा ते मालूच वाचून दाखवील."

माझ्या डोळ्यांपुढे माझ्या साऱ्या संध्याकाळी एकामागून एक भुयारात शिरल्या. मी ठरवले, खरे बोलायचे. कादंबरी फार लांब आहे, एवढेच.

पण 'लांब' म्हणजे रस्ता, दोरी. सभेत भारदस्त शब्द हवा! 'दीर्घ' म्हणजे लांब, हे व्याकरणामुळे ठाऊक होते. घरी पाया पडले की वडीलधाऱ्या मंडळींना त्याच्यापुढे काहीतरी जोडून बोलताना ऐकले होते. ते मी आदरार्थी समजले.

रविवारी वाचनालय भरले होते. काकांनी सगळ्यांना शेंगदाण्याची गूळदाणी वाटली होती. (विरोधकांचे दात अडकवून ठेवायची ही युक्ती मी लगेच ओळखली.) माझे नाव पुकारले. मी उभी राहिले, जमिनीकडे पाहिले आणि एका दमात म्हणाले,

"इतकी दीर्घायुषी कादंबरी मी आजवर वाचलेली नाही!"

टाळ्यांचा कडकडाट! अध्यक्ष, एक निवृत्त हेडमास्तर, उपरण्याने डोळे टिपू लागले. काका तर उभे राहून हिरवे निशाण हलवत होते. "तीन नव्हे, पाच भाग!"

वडील माझ्या कानाशी वाकले. "अगं, दीर्घायुषी म्हणजे पुष्कळ वर्षं जगणारी!"

मी पुन्हा उभी राहिले. एका दिवसात दोनदा उभी राहण्याची ही माझी पहिलीच वेळ.

"चुकलं. मला लांब म्हणायचं होतं."

"वा! लांब पल्ल्याची कादंबरी!" अध्यक्ष म्हणाले. पुन्हा टाळ्या.

"पल्ल्याची नाही! लांबलेली!"

"केवढा हा विनय!"

"मालू, बस खाली!" आईने माझे लुगडे ओढले.

"नाही बसणार! कादंबरी कंटाळवाणी आहे!"

हा शब्द मला पक्का येत होता. घरी तो माझ्याबद्दल वापरतात.

कोणाच्या तरी दाताखाली गूळदाणी कडकन मोडली.

"कुठपासून?" काकांनी विचारले.

"पहिल्या भुयारापासून."

"त्याच्या आधी दोनच पानं आहेत!"

"ती बरी आहेत."

दारातून तानूमावशी ओरडली, "पोरीला बोलू द्या की, भाऊ! त्यो म्हातारा मरंना आन् त्यो शिलेदार पोचंना! आमी जगायचं कसं?"

काकांनी हिरवे निशाण सावकाश गुंडाळले. मला वाटले, आता रडतील. पण ते तरातरा माझ्याकडे आले आणि तांबडे निशाण माझ्या हातात कोंबले.

"धर! उद्यापासून दुसरा भाग तोंडी सांगतो. तू समोर बसायचं. कंटाळा आला की दाखव."

म्हणजे सभा मी जिंकली, आणि बक्षीस म्हणून दुसरा भाग माझ्याच पदरात पडला! दुसऱ्या दिवशी शिलेदार घोड्यावर बसला, चार पावले गेला, समोर काळोख दिसला. मी निशाण वर केले आणि काका खोलीत निघून जाईपर्यंत खाली घेतलेच नाही. शिलेदार तिथेच उभा आहे.

काकांनी सूड मात्र घेतला. उरलेल्या प्रत्येक प्रतीवर त्यांनी एक छापील चिठ्ठी डकवली : "'इतकी दीर्घायुषी कादंबरी मी आजवर वाचलेली नाही!' – एक इंग्रजी शिकलेली विदुषी."

ते गठ्ठे आमच्या माळ्यावर आहेत. त्यांतली एकही प्रत खपली नाही. मध्यंतरी वाळवी लागली होती, तीही पहिल्या भुयाराशी थांबली आणि परत फिरली. कादंबरी ठणठणीत! आम्ही सगळे जाऊ, ती राहील. तेव्हा माझे मत मागे घेण्याचा प्रश्नच येत नाही. उलट त्या सभेत मी बोललेल्या मराठीपैकी बिनचूक ठरले ते पहिलेच वाक्य, आणि ते मी उगाच दुरुस्त करत बसले!