खैरटेकडीतून काही परत येत नाही

लग्नात एक रुपयासुद्धा हुंडा घेतला नाही, हे रजत कोणालाही सांगायचा. पानठेल्यावर सांगायचा, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगायचा, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता तेव्हा जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगायचा. सांगण्यासारखं त्याच्याजवळ दुसरं फारसं काही नव्हतं, हेही खरंच. पण गोष्ट खोटी नव्हती. सासरे सदाशिवराव द्यायला तयार होते, आणि यानं भर बैठकीत हात जोडून नाही म्हटलं होतं. तेव्हा बायाबापड्यांनी तोंडात बोटं घातली होती. असा क्षण माणसाच्या वाट्याला एकदाच येतो, आणि मग तो जन्मभर त्याच्यावरच जगतो.

पुढं लोहाऱ्याचा कारखाना बंद पडला. बायको अपेक्षा बाळंतपणाला माहेरी, खैरटेकडीला गेली, मुलगी झाली, बारसं झालं, मुलगी पालथी पडायला लागली, रांगायला लागली, तरी रजत तिला न्यायला गेला नाही. नेणार कुठं? भाड्याच्या खोलीचं भाडं थकलेलं. सदाशिवराव एका शब्दानं टाकून बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पक्क्या पगाराचं काही जमू द्या जवाईबापू. मंग मीच पोरीले आणून घालतो." चांगला माणूस असं चांगल्या शब्दांत बोलला की ते शिवीपेक्षा जास्त लागतं. रजतला ते लागलं.

मग दिवाळीनंतर पांढरकवड्याला काम मिळालं. घरोघर पार्सल पोचवणाऱ्या एका कंपनीचं गोदाम तिथं हायवेला लागून आहे, सगळे त्याला हब म्हणतात. हबचा इन्चार्ज नेमसिंग. शेजारच्या तांड्यातला माणूस, आवाज मोठा, मन वाईट नव्हतं, पण मन वापरायची त्याला वेळ नव्हती.

"हे पाय भाऊ," नेमसिंग पहिल्याच दिवशी म्हणाला, "तीन महिने प्रोबेशन. गाडी कंपनीची, डिझेल कंपनीचं, डोकं तुहं. दहात एकापेक्षा जास्त पार्सल वापस आलं का नाव कटलं."

"साहेब, लोकाईनंच घेतलं नाही तं माहा काय दोष?"

"दोष कोणाचाही राहो, नाव तुहं कटते."

रूटमध्ये सहा गावं होती, आणि त्यातलं सगळ्यात मोठं गाव खैरटेकडी. रजतचा चेहरा उतरला. सासुरवाडीत जावयानं पाहुणा म्हणून जावं, पाटावर बसावं, नको नको म्हणत जेवावं. पाठीवर पोतं घेऊन दारोदार हाका मारत फिरावं, हे कुठल्या शास्त्रात बसतं? त्यानं रूट बदलून मागितला. नेमसिंगनं दाराकडं बोट दाखवलं, तिथं आणखी चार जण कामासाठी उभे होते. रजतनं गाडीची किल्ली उचलली.

पहिले पंधरा दिवस त्याच्या नाकी नऊ आले. या धंद्यातलं खरं दुखणं म्हणजे सामान आल्यावर पैसे द्यायची सोय. बोटानं मोबाईल दाबायला काही पडत नाही, म्हणून लोक दाबतात. कणीक मळायचं यंत्र मागवतात, पैठणी मागवतात, डोक्यावर केस उगवायचं तेल मागवतात. पार्सल दारात येईपर्यंत हौस फिटलेली असते, नाहीतर पैसा दुसरीकडं गेलेला असतो. "माह्या पोरानं दाबलं असंल," एक जण म्हणायचा. दुसरा गाडीचा आवाज ऐकूनच दाराला कडी घालायचा. पार्सल परत, त्यासोबत रजतचं नाव कटायच्या जवळ. त्याच्यासोबत लागलेला एक पोरगा महिन्याच्या आतच घरी गेला.

खैरटेकडीतही पहिल्यांदा तेच झालं. देवसिंग नावाच्या गड्यानं मागवलेला स्वेटर तसाच परत केला. वर "बसा, चहा घ्या जवाईबापू" म्हणाला. एखाद्या गावच्या पोरीशी लग्न केलं की अख्ख्या गावाचा जावई होतो माणूस. त्या दिवशी रजत सासऱ्याच्या ओसरीत बसला, अपेक्षानं पाणी आणलं, मुलगी त्याच्या मांडीवर यायला तयार होईना, आणि तो सगळ्यांसमोर बोलून गेला, "असंच चाललं तं मामाजी, संक्रांतीपर्यंत घरी बसतो मी."

सदाशिवरावांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "आपल्या गावातून रोज किती वापस जाते?"

"दोन-तीन तं जातेच."

"हं," सदाशिवराव म्हणाले, आणि सुपारी त्याच्यापुढं धरली.

दुसऱ्या दिवसापासून खैरटेकडीतून एकही पार्सल परत गेलं नाही.

शहाणा असता तर रजतला शंका आली असती. पण नशीब उघडल्यावर ते कोणी उघडलं हे पाहायला कोण जातो? त्याला वाटलं, आपल्याला बोलण्याची हातोटी सापडली. गिऱ्हाईक कुरकुरलं की तो हसून म्हणायचा, "घ्या हो, जावई आणून देऊन राह्यला." गिऱ्हाईक जरा थांबायचं, मग "बसा, आलोच" म्हणून मागच्या बोळानं जायचं आणि मुठीत पैसे घेऊन यायचं. शेजाऱ्याकडून उसने आणले असतील, असं रजत समजायचा. देवसिंगनं नंतर मागवलेले पांढरे बूटसुद्धा असेच घेतले. खोकं उघडून पाहिलंसुद्धा नाही.

रजतला एक सवय होती. सकाळी हबमध्ये माल भरताना तो प्रत्येक खोक्यावर जाड काळ्या पेननं गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा, म्हणजे गावात शोधाशोध नको. अक्षर चांगलं होतं. नेमसिंगनं ते बाकीच्या पोरांना दाखवलं. "याले म्हणतात काम," तो म्हणाला, "खैरटेकडीतून काही वापस येत नाही, अन् हा नवीन हाये." रजतची छाती फुगली. मग तो नव्या पोरांना चार गोष्टी शिकवू लागला. गिऱ्हाइकाच्या डोळ्यात पाहून बोलायचं, घाई दाखवायची नाही, पहिलं घरच्यांची विचारपूस करायची. पोरं मान हलवायची.

सासऱ्यालाही त्यानं शिकवायचं सोडलं नाही. त्या वर्षी कापूस घरात आला होता. सदाशिवराव भावासाठी होळीपर्यंत थांबणारा माणूस, शेजारपाजारचे विकून मोकळे झाले तरी हे कुलूप लावून बसायचे. यंदा मात्र त्यांनी संक्रांतीच्या आतच दोन वेळा गाडी भरून कापूस विकला. रजतला ते पटलं नाही.

"भाव चढून राह्यला मामाजी, अन् तुमी आत्ताच विकून राह्यले? थोडा धीर धरा लागते. माणसाले धंद्याची नजर पायजे."

सदाशिवराव म्हणाले, "हाव, चुकलंच जरा." सासू इंदुताई चुलीजवळून उठून आत गेल्या. अपेक्षा मुलीच्या अंगावरचं दुपटं उगाच सारखं करत बसली. त्या दिवशी तिघांपैकी एकानंही रजतकडं पाहिलं नाही, आणि रजतच्या ते लक्षातही आलं नाही.

फेब्रुवारीत तीन महिने भरले. नेमसिंगनं बोलावून कागद हातात दिला. परमनंट. "अन् सोमवारपासून तुहा रूट बदलला," तो म्हणाला. "केळापूरच्या पलीकडं, जंगलाच्या बाजूनं. तिकडून अर्धा माल वापस येते. तू लोकाईले पटवतोस, म्हणून तुलेच देऊन राह्यलो." रजतला त्या वेळी तो मानच वाटला. पांढरकवड्यात एक खोली त्यानं पाहून ठेवली होती. त्यानं पेढे घेतले, नेमसिंगच्या परवानगीनं कंपनीचीच गाडी घेतली आणि बायकोला आणायला खैरटेकडीला निघाला. वाटेत तो एकटाच गाणं म्हणत होता.

घरी इंदुताईंनी ओवाळलं. सदाशिवरावांनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला, अर्धा नातीच्या ओठांना लावला. अपेक्षाची तयारी झालीच होती, फक्त तिची लोखंडी पेटी कापसाच्या खोलीत राहिली होती. "थांबा, मी काढते," ती म्हणाली. पण रजत आज कोणाचं ऐकायच्या मनःस्थितीत नव्हता. तो खोलीत शिरला. पेटी कोपऱ्यात, कापसाच्या ढिगामागं होती. त्यानं दोन्ही हातांनी कापूस बाजूला ओढला, आणि कापसातून एक खोकं घरंगळत त्याच्या पायाशी आलं.

खोक्यावर देवसिंगचं नाव होतं. रजतच्या अक्षरात.

त्यानं आणखी कापूस ओढला. खालून खोकीच खोकी निघाली. काही लांब, काही चपटी, एक मिक्सरएवढं. सगळी चिकटपट्टी लावलेली, एकही उघडलेलं नाही, आणि प्रत्येकावर त्याचं जाड काळं, चांगलं अक्षर. कापसाचे तंतू त्याच्या शर्टाला, केसांना, भुवयांना चिकटले. तो देवसिंगचं खोकं हातात घेऊन तसाच ओसरीत आला.

"मामाजी, हे काय होय?"

सदाशिवरावांनी खोक्याकडं पाहिलं, मग लेकीकडं. "पार्सल होय."

"हे देवसिंगले म्या सोताच्या हातानं देलं होतं."

"त्याले नको होते. म्या घेतले."

"काहून?"

"तुमी वापस नेलं असतं तं तुमचं नाव कटलं असतं." सदाशिवराव खाली पाहून बोलत होते, जणू चोरी त्यांचीच पकडली गेली होती. "मीच गावाले सांगतलं. जवाई दारात आला तं त्याले रिकामं पाठवू नका, नको असंल ते माह्याकडं आणा, पैसे मी देतो."

"मी काय भीक मागतली होती तुमाले?"

"तुमी नाही मागतली, जवाईबापू. म्हणूनच तं लपून करा लागलं."

रजतचे कान तापले. म्हणजे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो डोळ्यात पाहून बोलायचा, विचारपूस करायचा, हातोटी दाखवायचा, आणि समोरचा माणूस मनात हसत असायचा. आणि तो भावाआधीच विकलेला कापूस. धंद्याची नजर. त्याला ते आपलंच वाक्य आठवलं आणि जमीन दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं झालं. त्यानं अपेक्षाकडं पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

"हो."

"मले सांगतलं काहून नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुमी नोकरी सोडून देली असती, अन् लोकाईले सांगत फिरले असते का मी सासऱ्याचा उपकार घेतला नाही." अपेक्षा रडत नव्हती, तिचा आवाज नुसता कोरडा होता. "मी नळावर जाते तं बाया विचारतात, जवाई नेत नाही काय माय? रोज विचारतात. तुमाले मान पायजे होता. मले घर पायजे होतं."

रागानं नोकरी सोडतो म्हणावं तर मुलगी दारात बसून त्याच्या चपलेशी खेळत होती. त्यानं खोकं ओसरीच्या कडेला ठेवलं.

"बरं. पण हे मी नेत नाही. हे तुमच्याजवळच ठेवा."

"मी काय करू ठेवून?" सदाशिवराव म्हणाले. "आता कंपनी बी वापस घेत नाही. ते बूट माह्या पायात येत नाहीत. तुमच्या होतीन."

ते खोचून बोलले नाहीत. मापाची खरी गोष्ट तेवढी त्यांनी सांगितली. पण रजतला तिथं उभं राहवेना. इंदुताईंनी मात्र पदर खोचला आणि एकेक खोकं उचलून गाडीत नेऊन ठेवायला लागल्या. शिदोरीची पिशवी ठेवली, लोणच्याची बरणी ठेवली, तुरीच्या डाळीचं गाठोडं ठेवलं, आणि त्यांच्या मधल्या जागेत खोकी बसवली. घरातलं आहे, मग लेकीला दिलेलं बरं, एवढाच त्यांचा हिशेब. रजत आड आला नाही. थोड्या वेळानं त्यानं स्वतःच उरलेली खोकी उचलली. ते काम त्याच्या हाताला सवयीचं होतं.

निघताना सदाशिवराव गाडीच्या खिडकीशी आले. "त्या नव्या रूटवर," ते हळूच म्हणाले, "आपलं कोणी पाहुणं-रावळं हाये का?"

"नाही," रजत म्हणाला.

सदाशिवरावांनी मान हलवली आणि बाजूला झाले.

गाडी खैरटेकडीबाहेर पडली. मुलगी झोपली. खड्डा आला की मागं खोकी एकमेकांवर आपटत होती. सोमवारी जंगलाच्या बाजूला पहिलं दार वाजवायचं, समोरचा माणूस "नको, वापस न्या" म्हणणार, आणि आपल्याजवळ त्याच्यापुढं करायला काहीच असणार नाही, हे रजतला आता स्वच्छ दिसत होतं. परमनंटचा कागद शर्टाच्या खिशात होता. पण नेमसिंगचं पहिल्या दिवशीचं "दोष कोणाचाही राहो, नाव तुहं कटते" त्याच्या कानात होतं, आणि कागदावरचं नावही कटू शकतं, हे त्याला कळत होतं.

गाडी हबला लावायची होती. नेमसिंग बाहेरच उभा होता. रजतची मुलगी पाहायला म्हणून तो कौतुकानं पुढं आला, तिच्या मुठीत नोट कोंबली, आणि जाता जाता त्यानं रजतनं सामान उतरवायला उघडलेलं मागचं दार पाहिलं.

"अबे, हे काय? आजच परमनंट झाला अन् आजच येवढा माल वापस?"

"वापस नाही साहेब," रजत म्हणाला. "घरचं सामान होय. सासुरवाडीहून देलं."

नेमसिंगनं आत वाकून पाहिलं. डाळीचं गाठोडं, पेटी, बरणी आणि छतापर्यंत रचलेली खोकी. मग तो दिलखुलास हसला आणि त्यानं रजतच्या पाठीवर जोरात थाप मारली.

"अन् तू तं सगळ्याईले सांगत फिरत होता, का हुंडा घेतला नाही म्हणून!"

गोदामातली पोरंही हसली. अपेक्षा मुलीला खांद्यावर घेऊन गाडीतून उतरली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. रजतनं मागचं दार ओढून लावलं. त्यानंतर हुंड्याची ती गोष्ट त्यानं कधी कोणाला सांगितली नाही.