मामाच्या डोक्यातला आवाज

परग्रहावरची माणसं येणार म्हणून वाट बघणारे जगात पुष्कळ असतील. पण ती आल्यावर त्यांना जेवायला काय करायचं याची काळजी करणारा माणूस एकच आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे. बाकीचे विचारतात, ती दिसायला कशी असतील, हत्यारं कुठली आणतील. मामा विचारतो, "वशाट खातील का रे, मासे-बिसे?" आपण काहीतरी उत्तर द्यावं, तर तो पुढे, "नाय खाल्लं तर वालाची भाजी करू. काटा अडकायची भीती नाय. त्यांचा गळा कसा हाय कोणाला म्हायती?" मामी आतून म्हणते, "ते आले तर तुमाला घेऊन जातात का, तेवढं विचारा." मामाला हा टोमणा वाटत नाही. तो खरंच विचार करतो आणि म्हणतो, "नेतील, पण वाडीला पाणी कोण घालेल?"

मामा दातिवऱ्याचा. नारळाची वाडी, विहीर, ओटीवर एक आरामखुर्ची आणि खुर्चीखाली पुस्तकं. एवढा अंतराळवेडा माणूस, पण आकाशाकडे बघताना मी त्याला कधी पाहिलं नाही. तो कायम जमिनीकडे बघतो. यान उतरायला जागा कुठे आहे, हे बघत चालतो. पालघर जिल्हा झाला, नव्या सरकारी इमारती उभ्या राहिल्या, लोक म्हणाले आता कामं पटापट होतील. मामा त्या सगळ्या आवारातून फेरी मारून आला आणि म्हणाला, "ग्राउंड झकास हाय. मधे वायर नाय." नवापूरला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मामाने मांडववाल्याला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की त्या टोकाला थोडी मोकळी जागा ठेव, वरून कुणी आलं तर पंचाईत नको. मांडववाल्याला वाटलं, मंत्र्याचं हेलिकॉप्टर. त्याने बॅंडवाल्याला सांगितलं, बॅंडवाल्याने गावाला. नवरा-नवरी मांडवात उभी आणि वऱ्हाड सगळं मैदानात, माना वर करून. सरपंच हार घेऊन उन्हात ताटकळत होते. शेवटी त्यांनी मामाला विचारलं, "साहेब कधी उतरणार?" मामा गंभीरपणे म्हणाला, "ते काय सांगता येत नाय. हजार वर्षंपण लागतील." सरपंचांनी हार नवऱ्याच्या गळ्यात घातला आणि ते जेवायला बसले.

हे सगळं एका लेखकामुळे झालं. त्यांचं नाव मी सांगत नाही, कारण मामाच्या मते ज्याला ते माहीत नाही त्याला सांगून उपयोग नाही. मामा त्यांना नुसतं 'साहेब' म्हणतो. साहेब राहायला पालघरला, नोकरी बोईसरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये. दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि घरी येऊन विज्ञानकथा लिहायचे. त्यांच्या पुस्तकांत यानं कुठूनही निघाली तरी उतरायची बोईसर ते दातिवरे याच पट्ट्यात. मी एकदा मामाला विचारलं, "अमेरिकेत का नाही उतरत?" तो म्हणाला, "साहेबांनी अमेरिका बगितली नव्हती. न बगितलेलं ते लिवत नसत." मी म्हटलं, "मग मंगळ?" मामा आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

साहेबांची सगळ्यांत गाजलेली कादंबरी चंद्रावर बोंबील वाळवण्याची. चंद्रावर पाऊस नाही, माशी नाही, मांजर नाही, म्हणजे बारा महिने वाळवणाच्या काठ्या उघड्यावर, असा तो हिशेब. शेवटी पृथ्वीवरच्या लोकांना बोंबलाचा वास चंद्रावरून येतो आणि सगळ्यांना आपापलं गाव आठवतं. वाचताना हसू येतं आणि संपवताना येत नाही. रविवारी साहेब नवापूरच्या किनाऱ्यावर येऊन बसायचे, मामा दातिवऱ्याहून स्कूटर हाणत यायचा, आणि कथा कागदावर उतरायच्या आधी मामाला तोंडी ऐकायला मिळायची. मामाने आयुष्यात दुसरा मित्र केला नाही. "गरज काय?" म्हणायचा.

साहेब गेले त्याला पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या जन्मदिवशी बोईसरला त्यांच्या चाहत्यांचा आणि अभ्यासकांचा मेळावा भरतो. हॉल लग्नाचा असतो, आदल्या दिवशीचं लग्न तसंच भिंतीवर असतं आणि प्रमुख पाहुणे नवरा-नवरीच्या सिंहासनावर बसतात. चाहते म्हणजे बरेचसे एमआयडीसीतले. त्यातला एक भट्टीवरचा कामगार दरवर्षी कंपनीचा चंदेरी आगरोधक सूट घालून परग्रहवासी म्हणून येतो आणि अर्ध्या तासात, "भाईसाब, पंखा इधर घुमाओ," म्हणत खुर्चीत कोसळतो. अभ्यासक म्हणजे पुण्याचे एक सर. ते दरवर्षी बोंबलावर निबंध वाचतात. त्यांच्या मते तो बोंबील हा बोंबील नसून माणसाचं एकटेपण आहे. मामाच्या मते तो बोंबीलच आहे. यावर दोघं दरवर्षी भांडतात आणि मग एकाच पानावर बसल्यासारखे शेजारी बसून जेवतात.

मागच्याच्या मागच्या खेपेला सर भाषणात म्हणाले, "या लेखकाचा आवाज कुठेही ध्वनिमुद्रित नाही, ही आपली मोठी हानी आहे." तिसऱ्या रांगेतून मामा उठला. "हाय. आवाज हाय."

"कुठे?"

"माज्याकडं."

"कॅसेट आहे?"

"नाय. डोक्यात."

त्याला स्टेजवर बोलावलं. मामाने माईक धरला, डोळे मिटले आणि साहेबांच्या आवाजात दोन वाक्यं म्हटली. बाहेर जे आलं ते बांधून ठेवलेल्या बोकडासारखं होतं. हॉल हसला. चंदेरी सूटवालापण हसला, ज्याला मराठी धड कळत नाही. मामा खाली आला आणि जेवला नाही. सरांनी स्वतः बोलावलं, तरी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आमच्या पालघरच्या घरी हजर. आता माझी कीर्ती अशी की मला आवाज काढता येतात. शाळेत हेडसरांच्या आवाजात मी एकदा अख्ख्या शाळेला सुट्टी दिली होती. एसटी डेपोतला अनाऊन्सर, गणपती मंडळाचा अध्यक्ष, शेजारच्यांचा कुकर, सगळं येतं. कुकरला तर आमची आई दोनदा फसली आहे. मामा म्हणाला, "मला आवाज ऐकू येतो, पण तोंडातून काडता येत नाय. मी सांगतो, तू काड."

"मी त्यांना कधी ऐकलंच नाही रे मामा."

"मी ऐकलंय ना."

मग दातिवऱ्याला सुरू झाली शिकवणी. मी ओटीवर उभा, मामा आरामखुर्चीत डोळे मिटून. "जरा जड कर. तसा नाय, वजनानं जड नाय, विचारानं." मी विचाराने जड केला. "आता तोंडात खोबऱ्याची वडी हाय, पण पाहुण्यांसमोर चावायची लाज वाटते." तसा केला. "जरा निळा." मी म्हटलं, "मामा, निळा आवाज कसा काढू?" तो म्हणाला, "संध्याकाळचा असतो तसा." मामीने आतून विचारलं, "रंग देताय का पोराला?" पण खरं सांगतो, हळूहळू एक आवाज जमायला लागला. खोल, सावकाश, वाक्याच्या शेवटी थोडा मान हलवल्यासारखा. मामा खुर्चीतून उठून म्हणाला, "हां. हां हां."

आणि मग एक दिवस त्याने मधेच हात वर करून मला थांबवलं. मी म्हटलं, "चुकलं का?" तो म्हणाला, "तेच कळत नाय. आता साहेबांना आठवायला गेलो की तुजाच आवाज येतो. त्यांचा होता तो कुटं गेला?" मी हसलो. तो हसला नाही. "पुस्तकं हायेत, ती कोणपण वाचील. आवाज माज्याशिवाय कोणाकडं नाय. मी घालवला तर साहेब पुरते गेले."

बरोबर की चूक, हे सांगू शकणारं जगात एकच माणूस होतं, साहेबांची बायको. मामा त्यांना वैनी म्हणतो. वैनी मेळाव्याला कधी आल्या नव्हत्या. त्यांचा परग्रहवासीयांवर राग होता. "मंगळावर पाणी कुटं हाय ते यांना ठाऊक, नळाला कधी येतं ते नाय," असं त्या म्हणत. मामा या वेळी चिकूची टोपली घेऊन त्यांच्याकडे गेला, मला सोबत घेऊन. वैनींनी चिकू दाबून बघितले आणि म्हणाल्या, "येते. पण शाल नको, नारळ नको. आणि कंटाळा आला तर मी उठेन, तुमी धरून बसवायचं नाय, भावोजी."

पुढच्या मेळाव्याच्या दिवशी त्या दाराजवळच्या खुर्चीत बसल्या, पिशवी मांडीवर, उठायच्या तयारीत. सरांचा बोंबील झाला. सूटवाला कोसळला. मग मी स्टेजवर गेलो आणि चंद्रावरच्या कादंबरीचं शेवटचं पान त्या आवाजात म्हटलं. सर सिंहासनावर चष्मा काढून डोळे पुसत होते. मी थांबलो तसा त्यांनी माईक घेतला आणि सांगितलं, की हा स्वर ऐकल्यावर त्यांना साहेबांच्या स्वल्पविरामांचा अर्थ लागला, आणि पुढच्या वर्षी ते त्यावरच निबंध वाचणार आहेत. टाळ्या पडल्या. मामाने टाळ्या वाजवल्या नाहीत. तो सगळा वेळ वैनींकडे बघत होता. वैनी पंख्याकडे बघत होत्या.

मी खाली आलो तोवर तो त्यांच्यासमोर उभा होता. "वैनी, बरोबर हाय?"

"काय बरोबर?"

"साहेबांचा आवाज."

"यांचा?" वैनींनी माझ्याकडे बघितलं, मग मामाकडे. "नाय हो भावोजी. हा तर तुमचा. तुमीच असं मान हलवून बोलता. हे कुटं असं बोलायचे?"

मामा शेजारच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "म्हंजे गेला." घरातलं कोणी गेल्यावर निघतो तशा आवाजात. मला त्या क्षणी हॉलमधला कुकर व्हावं आणि शिट्टी देऊन निघून जावं असं वाटलं.

वैनी त्याच्याकडे बघत राहिल्या. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली. "एवढं काय तोंड पाडायचं? यांचा आवाज म्हंजे काय मोटी चीज नव्हती. घरी दिवसातून एकच वाक्य. ड्युटीवरून यायचे, उंबऱ्यात उभे राहायचे, अन्..." त्यांनी घसा खाकरला, हनुवटी थोडी वर केली, आणि बारीक, किनऱ्या, शेवटी एकदम वर जाणाऱ्या आवाजात म्हणाल्या, "कुणी आलं होतं का गं?"

मामा ताडकन उभा राहिला. पायाने खुर्चीखाली चप्पल शोधायला लागला, जशी कोणाला आणायला बाहेरच जायचं आहे. "हां," तो म्हणाला. "हा. हाच." त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता. "परत एकदा, वैनी." वैनींनी परत केलं. "रोज विचारायचे," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, आपल्याकडं कोण येतंय? तर रुसल्यासारखे आत जायचे." सर मोबाईल पुढे करून धावत आले, एकदा पुन्हा म्हणाल का म्हणून. वैनी म्हणाल्या, "तुमचं तुमी तुमच्या बोंबलाकडं बघा," आणि पिशवी उचलून निघाल्या. उंबऱ्यापर्यंत सोडायला मामा गेला.

सरांना मी नंतर खरं काय ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "पण स्वल्पविराम बसतायत त्यात." निबंध निम्मा लिहून झाला होता. त्यामुळे पुढच्या मेळाव्यातही साहेब म्हणून मी मामाच काढणार आहे. मामाची हरकत नाही. मलाही सराव राहिलेला बरा, तो आवाज मला पुढे लागणार आहे.

दुसरा आवाज, तो किनरा, मी दोनदाच ऐकला, पण माझे कान तसे चोरटे आहेत. तो स्टेजवर काढत नाही. दातिवऱ्याला गेलो की मामा आधी नारळाची, पाण्याची, नव्या रस्त्याची गोष्ट काढतो, वायर कुठे कुठे टाकल्या त्याची तक्रार करतो, आणि मग उगाच खुर्चीत सावरून बसतो. मी समजतो. ओटी उतरून अंगणात जातो, परत उंबऱ्यापाशी येतो, हनुवटी थोडी वर करतो आणि विचारतो, "कुणी आलं होतं का गं?"

पहिल्या वेळी मामा नुसता ऐकत राहिला. दुसऱ्या वेळीही. हल्ली डोळे मिटूनच, पण लगेच उत्तर देतो.

"मी बसलोय कधीचा," म्हणतो. "या, साहेब."